न दुखणारा पाय

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. उजवा, गुडघ्याखालचा. हसू नका. तुमच्या निबंधाच्या वहीत फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते, तेव्हा तुम्ही शहाण्यासारखं ऐकून घेता. मग पायानेच तुमचं काय घोडं मारलंय? रबराचं पाऊल, त्यात घोट्यापाशी लाकडाचा ठोकळा आणि वर प्लॅस्टिकची पोकळ नळी, एवढा माझा देह. मुक्काम पनवेलला लागून असलेल्या करंजाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, आनंदाच्या पलंगाखाली. आनंदा साठीच्या पुढचा आहे, घरीदारी सगळे त्याला मान देतात, पण मी त्याला अरे-तुरेच करतो. पाय कधी आपल्या माणसाला अहो-जाहो करतो का?

आपली कहाणी सांगणाऱ्याने सुरुवातीला स्वतःबद्दल काहीतरी ठाम सांगावं, अशी रीत आहे. माझी पंचाईत तिथूनच सुरू होते. मी आठ वर्षं एका माणसाचा पाय होतो आणि आठही वर्षं माझ्या आत काहीतरी दुखत होतं. ते मला कधीच कळलं नाही. त्याला कळत होतं. ज्याला अंगठा नव्हता त्याचा अंगठा दुखायचा, आणि ज्याला अंगठा होता तो, म्हणजे मी, ठणठणीत! हे कसं, ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. ऐकता ऐकता तुम्हाला उलगडलं तर जरूर कळवा. बाकी मला मन नाही, असं सगळे जाणकार म्हणतात. मग हे बोलतंय कोण, असं मात्र विचारू नका. एका वेळी एकच गोंधळ बरा.

माझा जन्म पनवेलमधल्या एका मंगल कार्यालयात झाला. लग्न नव्हतं, पाय बसवण्याचं शिबिर होतं. मागच्या अंगणात आचारी चुली मांडतात त्या जागी माझी भट्टी पेटली होती. प्लॅस्टिकची नळी तापवून मऊ केली आणि प्लॅस्टरच्या साच्यावर ओढली, खाली रबराचं पाऊल जोडलं. मला घडवलं काशिरामांनी. त्यांचा स्वतःचाच डावा पाय माझ्या जातीचा होता. कुणी रडवेलं झालं की ते आपली पँट वर करून दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, ह्याच पायावर मी सकाळपासून उभा आहे." पाच बोटं, नखं, टाचेचा गोलवा, सगळं त्यांनी तपासलं. ते माझ्याकडे बघून "झकास" म्हणाले, ती मला मिळालेली पहिली शाबासकी.

आनंदाचा पाय कसा गेला, ते मी त्याच दिवशी रांगेत ऐकलं. तो मिठागरात वाढलेला. खाडीचं पाणी वाफ्यांत घेण्याआधी वाफ्यांची जमीन तुडवून तुडवून घट्ट करावी लागते, आणि ते काम पायांचं. दहाव्या वर्षापासून आनंदा चिखल तुडवीत होता. बोटं चिखलात रोवायची, टाच दाबायची, पुढे सरकायचं. त्याचे तळवे इतके राठ झाले होते की कालवांच्या शिंपल्यांवरून तो अनवाणी चालत जाई आणि बाकीचे बघत राहत. संध्याकाळी घरी आला की त्याची बायको गुणाबाई त्याचे पाय गोड्या पाण्याने धुऊन करंजाचं कोमट तेल चोळायच्या, कारण खाऱ्या पाण्याने टाचांना भेगा पडतात. मिठागरातल्या सगळ्या घरांत हीच पद्धत होती.

पुढे मिठागरं बुजली, त्यांच्यावर इमारती आल्या, आनंदा टेम्पो चालवू लागला. मिठागर सुटलं तसं तेल चोळणंही सुटलं. मग त्याला साखरेचा आजार झाला आणि पाय हळूहळू बधिर होत गेले. आता दुसऱ्या कुणाला हे जाणवलं असतं तर तो डॉक्टरकडे गेला असता. आनंदाला उलट अभिमान वाटला. "मिठागरातला पाय हाय," तो छाती फुगवून सांगायचा, "खिला घुसला तरी खिलाच वाकंल." एके दिवशी खिळा खरोखरच घुसला आणि दोन दिवस तळव्यात तसाच राहिला. वाकला काही नाही. तिसऱ्या दिवशी फरशीवर डाग दिसले म्हणून गुणाबाईंनी पाय उलटून बघितला, तेव्हा तो काळा पडू लागला होता. तो पाय वाचला नाही.

इथे माझा पहिला गोंधळ सुरू होतो. पाय होता, त्यात खिळा होता, पण दुखत नव्हतं. आता पुढचं ऐका.

काशिरामांनी मला आनंदाच्या गुडघ्याखाली चढवलं आणि त्याला दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं. तो थरथरत उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं. पहिल्यांदाच माणसाचं वजन अंगावर घेत होतो.

"दुखतंय," आनंदा म्हणाला.

काशिरामांनी मला काढलं, वरची भरून आलेली जखम तपासली, नळीच्या कडा घासल्या, पुन्हा चढवलं. "आता?"

"वर नाय दुखत. खाली. आंगठ्यात."

काशिरामांनी खाली वाकून माझ्या अंगठ्यावर टिचकी मारली. "इथे?"

"व्हय. तिथंच. कुनीतरी आवळून धरलाय."

मी घाबरलो, मित्रांनो. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट राहिली. मी माझ्या अंगठ्यात शोध शोध शोधलं. आत रबर होतं, आणखी काही नव्हतं. काशिरामांनी मात्र कुणालाही दोष दिला नाही. "पहिल्या पायाची आठवण आहे," ते म्हणाले, "होईल कमी." मग ते पुढच्या माणसाकडे वळले.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं माझ्या उमेदीची. सकाळी आनंदा मला चढवी आणि आम्ही दोघे मच्छी मार्केटला निघायचो. करंजाड्याचे सरळ रस्ते, मग पुलाखालची गर्दी, मग मार्केटची ओली फरशी. त्या फरशीवर भले भले घसरतात, मी कधी घसरलो नाही. कोळणी म्हणायच्या, "आनंदादादा, कुठला पाय खोटा, आमाला तं वलखू येत नाय." आनंदा मुद्दाम डाव्या पायावर थाप मारून "ह्यो" म्हणायचा आणि त्या फसायच्या. अशा दिवशी मला वाटायचं, मी त्याचा पाय आहे, अगदी सख्खा. दोन वेळा त्याच्या नातीच्या शाळेत गेलो, एकदा लग्नाच्या हळदीत नाचलोसुद्धा.

पण घरी येऊन बसलं की त्याचा चेहरा बदलायचा. बोटं आवळल्यासारखी व्हायची. चिखलात रोवून धरतात तशी ती पाचही बोटं घट्ट रुतलेली आहेत आणि सुटतच नाहीत, असं तो सांगायचा. मला काढून ठेवलं तर अधिकच दुखायचं. मी पलंगाशी उभा राहून बघायचो. माझी बोटं सरळ होती. त्याची, जी नव्हती ती, आवळलेली होती. मग नक्की पाय कुणाला होता, त्याला की मला?

ह्याच सुमारास मला शिक्षण मिळालं, तेही फुकट. आनंदाची नात मोनाली कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. परीक्षा जवळ आली की ती आजोबांच्या पलंगावर मांडी घालून मोठ्याने पाठ करते, आणि मी पलंगाखाली असल्यामुळे माझंही पाठ होतं. तिच्या वहीप्रमाणे काही थोर लोक म्हणतात की शरीर वेगळं आणि मन वेगळं. शरीराला जागा लागते, मनाला लागत नाही. मी खूश झालो. म्हटलं, बरोबर, जागा अडवणारा मी, दुखणारं ते मन. पण पुढच्याच पानावर कुणीतरी विचारलं होतं की दोन्ही इतकी वेगळी असतील तर खिळा शरीरात घुसला की ओरडतं मन कसं? ह्याचं उत्तर त्या थोर लोकांना नीट देता आलं नव्हतं, असं मोनालीच्या वहीत लिहिलेलं होतं.

दुसरा पक्ष म्हणतो की मन अशी वेगळी वस्तूच नाही. चालणं हे जसं पायाचं काम, तसं मन हे शरीराचं काम. पायाचं उदाहरण निघाल्यावर मी कान टवकारले, म्हणजे कान असते तर टवकारले असते. हे मला मनापासून पटलं. मी कोपऱ्यात उभा असतो तेव्हा माझं चालणं काय खुंटीला टांगलेलं असतं? नाही ना! पाय नाही तर चालणं नाही. पण मग लगेच ध्यानात आलं की पाय नाही तर दुखणंही नको, आणि ते तर वर पलंगावर कण्हत होतं. मोनालीचा पेपर बरा गेला. मी नापास झालो.

आनंदाचा मुलगा शैलेश नोकरी सांभाळून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी गोळ्या दिल्या आणि समजावून सांगितलं, की पाय गेला तरी मेंदूतली पायाची जागा जात नाही, दुखणं तिथून येतं. ते काही चुकीचं बोलले नसावेत. पण परत येताना रिक्षात शैलेश म्हणाला, "बाबा, ऐकलंत ना? ते सगळं मनाचं आहे. टेन्शन घेऊ नका, लक्ष दुसरीकडे लावा."

आनंदा म्हणाला, "म्हंजे मी खोटं बोलतंय?"

"असं कोण म्हणतंय?"

"मनाचं हाय म्हंजे खोटंच की."

शैलेशने रिक्षाबाहेर बघितलं. तो वाईट मुलगा नाही, मित्रांनो. सहा वर्षं तेच गाऱ्हाणं ऐकून तो थकला होता, आणि ज्या पायाला आपण बोटही लावू शकत नाही त्याचं दुखणं कसं उतरवायचं, ते त्याला समजत नव्हतं. पण त्या दिवसापासून आनंदाने घरात दुखण्याचा उच्चार करणं सोडलं. त्याने मनात एक बेत धरला, आणि तो ऐकून माझं रबर थिजलं. कुणाच्या तरी ओळखीने त्याने दुसरे डॉक्टर गाठले आणि त्यांना म्हणाला, "गुडघ्याच्या वरून कापून टाका. दुखन्याचं मूलच नाय राहिलं तं दुखंल काय?"

डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं. खात्री देता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. आनंदा दर आठवड्याला जाऊन बसू लागला. शेवटी ते म्हणाले, विचार करू.

गुडघा जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. काशिराम म्हणतात, निम्मं चालणं गुडघ्यात असतं. तो गेला की ओल्या फरशीवरचा मच्छी बाजार गेला, जिने गेले, हळदीतलं नाचणं गेलं. आणि मीही गेलो, कारण मी गुडघ्याखालचा पाय. मला अडकवायला गुडघाच नसेल तर मी कुणाचा? तेव्हा मी त्याच्यासाठी घाबरलो की स्वतःसाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

एका दुपारी आनंदा गॅलरीतल्या खुर्चीत दात आवळून बसला होता. मोनाली शेजारी वही घेऊन होती. गुणाबाई स्वयंपाकघरातून वाटीत तेल घेऊन आल्या. करंजाचं, कोमट. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आना पाय."

"कुठला?"

"दुखतो तो."

"दुखतो तो नाय हाय, गुना."

"मंग हाय तो आना."

त्यांनी मला मांडीवर ओढलं. मोजा काढला. माझ्या टाचेला तेल लावलं, मग तळव्याला, आणि अंगठ्यांनी दाबत दाबत बोटांपर्यंत आल्या. तीस वर्षांपूर्वी जसं करीत तसंच. आनंदा आधी हसला. मग त्याचं हसू थांबलं. तो माझ्याकडे, त्यांच्या हातांकडे टक लावून बघत राहिला. गुणाबाई माझं एकेक बोट धरून बाहेरच्या बाजूला ओढत होत्या.

"जरा वर," आनंदा पुटपुटला. "हां. तिथं. तिथंच."

त्याच्या पोटरीचं मांस माझ्या नळीत ताठ उभं होतं, ते सैल पडलं. एवढं मात्र मला कळलं, कारण वजन बदललं. "सुटला गो," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, "आंगठा सुटला."

गुणाबाई चोळत राहिल्या. बऱ्याच वेळाने, माझ्याचकडे बघत, त्या हळूच म्हणाल्या, "तवा सोडलं नसतं चोलायचं तं खिला माज्या हाताला लागला असता." इतकी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन वावरत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मला तिची फार दया आली. मन नसलेल्याला दया कशी येते, ते मोनालीच्या वहीत नाही.

आणि मला काय जाणवलं? काही नाही! तेच तर माझं दुःख आहे. तेल माझ्या अंगाला, हात माझ्या अंगावर, आणि बरं वाटलं वर बसलेल्याला. लग्नाच्या पंगतीत पान माझ्यासमोर वाढावं आणि पोट शेजाऱ्याचं भरावं, असा प्रकार.

मोनाली तर वेडीच झाली. दुसऱ्या दिवशी तिने आजोबांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि आजीला चोळायला लावलं. काहीच फरक पडला नाही. ओढणी काढली, पडला. मग मला बाजूला ठेवून नुसती वरची जागा चोळून बघितली, डावा पाय चोळून बघितला. कशाचाच गुण नाही. "म्हणजे बघावं लागतं!" ती टाळी वाजवून म्हणाली आणि भराभर लिहू लागली.

"अगो, मी काय तुजी परीक्षा हाय?" आनंदा म्हणाला, पण तो हसत होता. कितीतरी महिन्यांनी तो मनापासून हसत होता. त्या आठवड्यात तो डॉक्टरांकडे जाऊन बसला नाही.

रोज दुपारी चारला तेल, असा नेम पडला. दोन महिने सुखात गेले. आनंदाच्या सुखात, म्हणायचं. माझं काय झालं ते आता सांगतो. रबराला तेल चालत नाही, मित्रांनो. मी सुजू लागलो. घोटा मऊ पडला, तळव्याला बारीक चीर गेली, टाच पिठासारखी सुटू लागली. कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मला सांगता आलं नाही. एका सकाळी मार्केटमधून येताना, आमच्याच जिन्यावर, माझं पाऊल चिरेपाशी दुमडलं. आनंदा पिशवीसकट चार पायऱ्या खाली आला. मनगट मुरगळलं, कपाळ फुटलं, बोंबील जिनाभर पसरले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला पाडलं होतं.

रोडपालीला काशिरामांचं पाय बनवण्याचं दुकान आहे, शैलेशने मला तिथे नेलं. काशिरामांनी मला नुसतं हुंगलं. "तेल कोण लावतं?" त्यांनी विचारलं. "तेल बंद करा. नाहीतर हा पाय पुन्हा पाडणार." त्यांनी माझी चीर सांधली, टाचेला ठिगळ लावलं.

घरी आल्यावर शैलेश जिन्यातच आईवर ओरडला. शेजाऱ्यांची दारं उघडी होती. "आये, रबराला तेल चोळतं का कुणी? बाबा मेले असते आज! लोक काय म्हणतील, घरात सगळे वेडे आहेत?" गुणाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. आत जाऊन त्यांनी तेलाची बाटली सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. चारचा नेम मोडला.

आता माझी एक गोष्ट कबूल करायची राहिली आहे. त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. सूज उतरली, ठिगळ घट्ट बसलं, मी पुन्हा ताठ चालू लागलो. काशिरामांचं ते "झकास" मला आठवायचं. आणि वर पलंगावर आनंदाची बोटं पुन्हा रुतली होती. मी ठीक असलो की तो तळमळणार, तो शांत झोपला की मी कुजणार. आम्हा दोघांचं मिळून एक शरीर, असं मी समजत होतो; मग एकाच शरीराच्या दोन भागांचं हित असं एकमेकांच्या विरुद्ध कसं?

आनंदा पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन बसू लागला आणि त्यांनी अखेर होकार दिला. सोमवारी सकाळी दाखल व्हायचं ठरलं. शैलेशने सही केली. त्याचाही नाइलाज होता, बाप रोज हात जोडत होता.

रविवारी दुपारी शैलेश आतल्या खोलीत हॉस्पिटलची पिशवी भरत होता. चादर, टॉवेल, जुने रिपोर्ट. आनंदा गॅलरीत होता, मी त्याच्या पायाला. गुणाबाई स्वयंपाकघरात होत्या आणि बाहेर येत नव्हत्या. आनंदाने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच वाकून माझ्या अंगठ्याकडे हात नेला. त्याचं पोट आड आलं, पाठ वाकेना. हात माझ्यापासून वीतभर लांब थांबला. त्याने दम घेतला, पुन्हा वाकला, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा तो खुर्चीवरून घसरता घसरता राहिला. मला पुढे सरकता आलं असतं तर मी सरकलो असतो. मी पाय आहे, पण मला कुणीतरी चालवावं लागतं.

दारात शैलेश उभा होता. हातात टॉवेल तसाच. तो किती वेळ बघत होता, कोण जाणे. मला वाटलं, आता ओरडणार.

तो आत गेला. आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला, मग वरच्या फळीवर काहीतरी खुडबुडलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तेलाची बाटली होती. ऑफिसात बसणारा तो माणूस खाली फरशीवर बसला आणि त्याने मला उचलून मांडीवर घेतलं.

"कुठे दुखतंय, बाबा?"

आनंदाने मला मागे ओढून घ्यायला बघितलं.

"सांगा ना. कुठे?"

"आंगठ्यात," आनंदा म्हणाला. "आन त्याच्या बाजूच्या बोटात."

शैलेशने माझा अंगठा धरला. त्याला चोळता येत नव्हतं. तेल कोमट केलेलं नव्हतं, अर्धं त्याच्या पँटवर सांडलं. तो भलत्याच जागी दाबत होता आणि मधेच थांबून नाक ओढत होता. "असं? इथे?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि आनंदा सांगत होता, "जरा खाली, बाला. हां. आता वर." स्वयंपाकघराच्या दाराशी गुणाबाई येऊन उभ्या होत्या. शेवटी त्यांना राहवेना. "टाच धर आदी," त्या म्हणाल्या, "टाच धरल्याबिगर बोट सुटत नाय." शैलेशने टाच धरली.

नळीतलं मांस सैल पडलं. माझं ठिगळ त्याच वेळी थोडं सुटलं.

सोमवारी ते हॉस्पिटलात गेले नाहीत. रोडपालीला गेले. काशिरामांनी सगळं ऐकून घेतलं, आपली पँट वर करून स्वतःच्या डाव्या पायाकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "चालायला नवा पाय देतो. त्याला तेलाचा थेंब लावायचा नाही. हा जुना घरी ठेवा, चोळायला." डॉक्टरांना शैलेशने फोन करून कळवलं. ते म्हणाले, बरंच झालं.

तेव्हा मित्रांनो, आता मार्केटला नवा जातो. देखणा आहे, हलका आहे, जरा शिष्ट आहे. कोळणी आता त्यालाच फसतात. सुरुवातीला मला फार वाईट वाटलं, अजूनही सकाळी दार लावल्याचा आवाज आला की वाटतं. चालणं हेच पायाचं काम असेल तर मी आता पाय उरलो का, हा नवा प्रश्न माझ्यापुढे आहे. चार वाजता नवा उतरतो, मी चढतो आणि कुणीतरी मला मांडीवर घेतं. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. पण गुडघा शाबूत आहे, आणि त्या घरात "दुखतंय" म्हणायला आता कुणी कचरत नाही.

माझ्यासारखे बोलके जुनेपुराणे शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, तेलपाणी करा, अडगळीत टाकू नका. मी काय सांगू? तेलानेच माझी टाच गळून पडत आली आहे, आणि ते बंद करा असं माझ्याने म्हणवत नाही. एवढंच मागणं आहे की तुमच्या घरात कुणी एखादी जागा दाखवून दुखतंय म्हणालं, आणि तिथे तुम्हाला काहीच दिसलं नाही, तरी आधी खाली बसा आणि कुठे ते विचारा. ते मनात आहे की शरीरात, हे मोनाली पुढे शिकणार आहे, ती सांगेल.

आज रविवार. शैलेश वाटी घेऊन येतो आहे. आता तो तेल कोमट करायला शिकला आहे. आज म्हणे करंगळी दुखते आहे. माझी करंगळी अजून शाबूत आहे. आज तरी मला काही कळतं का, बघतो.